आपल्याच पेशींतून नवा अवयव : नक्की कुठवर आलंय हे?

सांजवारा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. दर खेपेला चार तास. तिथे पडल्या पडल्या तो मोबाइलवर बातम्या शोधतो आणि मला पाठवत राहतो. 'रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत किडनी तयार', 'आता दात्याची गरज नाही', असे मथळे. गेल्या आठवड्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. एक शास्त्रज्ञ व्यासपीठावर उभा आहे आणि त्याच्या हातात नुकतीच छापलेली गुलाबीसर किडनी आहे. खाली भावाने लिहिलं होतं, "ताई, हे २०११ मधलं आहे. मग मला अजून का मिळत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस वाचत बसले, पण एक लेख म्हणतो सगळं झालंच आहे, दुसरा म्हणतो काहीच झालेलं नाही. इथे डॉक्टर, संशोधक, प्रत्यारोपण झालेले लोक आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते. आजवर कोणता अवयव खरोखर कोणाच्या शरीरात बसला? किडनीचंच घोडं नेमकं कुठे अडलंय? आणि भावाला मी काय सांगू? त्याला खोटी आशा द्यायची नाही, पण उगीच दारही लावून घ्यायचं नाही.

पेट्रीडिश

सांजवारा, मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तो व्हिडिओ मलाही दर काही महिन्यांनी कोणीतरी पाठवतंच, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

ते टेड या व्याख्यानमालेतलं, मार्च २०११ मधलं. वक्ते अँथनी अटाला, अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे. त्यांच्या हातात होता तो किडनीच्या आकाराचा, त्रिमितीय छपाईने घडवलेला नमुना. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं नव्हतं, तो मूत्र तयार करत नव्हता आणि तो कोणाच्या शरीरात बसवलाही गेला नाही. बातम्या मात्र 'किडनी छापली' अशाच गेल्या, आणि नंतर विद्यापीठाला खुलासा करावा लागला. तुमच्या भावाने चुकीचं काही वाचलं नाही, त्याला चुकीचं वाचायला दिलं गेलं.

मला खंत वाटते ती वेगळीच. त्याच व्यासपीठावर त्या दिवशी एक तरुण येऊन उभा राहिला होता. त्याच्या साधारण दहा वर्षं आधी, लहान असताना, त्याला त्याच्याच पेशींतून वाढवलेलं मूत्राशय बसवलं होतं. खरी गोष्ट ती होती. लोकांच्या लक्षात राहिली ती किडनी.

त्या मूत्राशयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून कळतं. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या काही मुलांचं मूत्राशय आखडून कडक होतं. आतला दाब वाढतो, मूत्र उलटं वर ढकललं जातं आणि किडन्या खराब व्हायला लागतात. अटाला तेव्हा बोस्टनच्या बालरुग्णालयात होते. त्यांनी अशा मुलांच्या मूत्राशयाचा लहानसा तुकडा काढला, त्यातल्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि बाहेरच्या स्नायूंच्या पेशी वेगळ्या केल्या, आणि दोन्ही स्वतंत्रपणे वाढवल्या. मग शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या पदार्थाचा मूत्राशयाच्या आकाराचा सांगाडा घेतला, त्याच्या बाहेरून स्नायूपेशी लावल्या, आतून अस्तराच्या. तुकडा काढल्यापासून सुमारे ७ आठवड्यांत तो मुलाच्या पोटात बसवला. हे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७ रुग्णांचा अहवाल आला. सगळे ४ ते १९ वर्षांचे.

जुना वाचक

पेट्रीडिश, पुढची हकीकतही सांगून टाका. मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे. २००६ चा अहवाल सगळे सांगतात, २०१४ चा कोणी सांगत नाही.

पेट्रीडिश

सांगणारच होते, पण बरं झालं विचारलंत.

तेच तंत्र एका कंपनीने पुढे नेलं आणि अनेक रुग्णालयांत मिळून १० मुलांवर चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल छापून आला. मूत्राशयाची साठवण वाढली नाही, लवचीकपणाही सुधारला नाही, आणि काही मुलांना गंभीर त्रास झाला. म्हणजे एका कसलेल्या चमूच्या हातात जे जमलं ते दुसरीकडे तसंच्या तसं जमलं नाही. त्यामुळे आजही अशा मुलांसाठी मुख्य शस्त्रक्रिया जुनीच आहे, आतड्याचा तुकडा काढून मूत्राशयाला जोडायचा.

आतड्याने मूत्राशयाचं काम करायचं म्हणजे भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे. आतडं आपला धर्म सोडत नाही, ते श्लेष्मा बनवत राहतं आणि मूत्रातली द्रव्यं परत शोषून घेतं. म्हणूनच मूत्राशयाच्या खऱ्या पेशींचा हट्ट आम्ही अजून सोडलेला नाही.

आरस्पानी

माझ्याकडे शास्त्रीय ज्ञान नाही, स्वतःचा अनुभव आहे. तो चालत असेल तर सांगते.

कामावर रसायन उडून माझा डावा डोळा गेला होता. बुबुळ आणि पांढरा भाग यांच्या सीमेवर एक कडा असते, तिथल्या मूळपेशी जळाल्या. त्या पेशी बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची वरची कातडी रोजच्या रोज नवी करत असतात. त्या नसतील तर पांढरी, रक्तवाहिन्यांनी भरलेली साय बुबुळावर चढते. दात्याचं बुबुळ लावूनही उपयोग नाही, त्याच्यावरही तीच साय येते. माझ्या उजव्या, धडधाकट डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घेतला, तो प्रयोगशाळेत वाढवला आणि त्याचा पातळ पापुद्रा डाव्या डोळ्यावर बसवला.

आज मी त्या डोळ्याने हे वाचतेय. पूर्ण स्पष्ट दिसत नाही, पण अक्षर लागतं. पट्टी काढली त्या दिवशी खिडकीची चौकट दिसली होती. चार कोपरे मोजले मी.

पेट्रीडिश

आरस्पानी, हे लिहिलंत त्याबद्दल फार आभार. हे तंत्र इटलीतल्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी १९९७ मध्ये पहिल्यांदा दोन रुग्णांवर दाखवलं. २०१५ मध्ये युरोपात त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मूळपेशींवर आधारित असं ते युरोपातलं पहिलंच औषध. याच दे लुकांची आणखी एक गोष्ट मला या धाग्यावर सांगायची आहे, ओघात येईलच.

मोजपट्टी

मी अभियंता आहे, रसायन अभियांत्रिकीतला. किडनीचं कुठे अडलं ते माझ्या बाजूने सांगतो, कारण अडचण मुळात वाहतुकीची आहे.

पेशीला प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून झिरपत तिच्यापर्यंत पोहोचतो. झिरपण्याला मर्यादा आहे. साधारण १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढं अंतर. त्यापलीकडची पेशी गुदमरून मरते. म्हणून आपल्या शरीरात जवळजवळ प्रत्येक पेशीच्या शेजारून एखादी केशवाहिनी जातेच.

आता वर काय काय यशस्वी झालंय ते बघा. डोळ्यावरचा पापुद्रा, पातळ. मूत्राशय, आतून पोकळ आणि भिंत पातळ. शिवाय माझ्या वाचनाप्रमाणे, तो सांगाडा पोटातल्या आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याने गुंडाळला होता, म्हणजे रक्तपुरवठा शरीराकडून उसना घेतला. पातळ वस्तूला कडेने रक्त मिळालं तरी भागतं. किडनी, यकृत, हृदय हे भरीव अवयव. त्यांच्या गाभ्यात पहिल्या मिनिटापासून रक्त खेळायला हवं. नुसत्या पेशींचा मूठभर गोळा वाढवला तर आतून कुजेल.

किडनीचं तर विचारूच नका. एका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. शेवटी दीड-दोन लिटर मूत्र उरतं. हे जमतं कारण प्रत्येक नळी ठरलेल्या वळणाने जाते, ठरलेल्या खोलीपर्यंत उतरते, आणि शेजारून रक्तवाहिनी उलट्या दिशेने वाहते. पेशी बरोबर असल्या आणि मांडणी चुकली तर किडनी होत नाही. इथे आकार हेच काम आहे.

सांजवारा

मोजपट्टी, "आकार हेच काम आहे" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागलं असं वाटतंय.

मग आकार तयार मिळेल अशी काही सोय नाही का? दात्याच्याच किडनीचा सांगाडा वापरून?

जुना वाचक

नेमकं हेच करून बघितलंय. वहीत ठेवलेलं पिंपळाचं पान आठवा. हिरवं सगळं निघून जातं आणि शिरांची जाळी तेवढी राहते. अवयवाचं तसंच करता येतं. त्याच्या रक्तवाहिन्यांतून साबणासारखं द्रावण तासन्‌तास फिरवायचं. पेशी धुऊन जातात, मागे पांढरट, अर्धपारदर्शक जाळी उरते. सगळ्या नळ्या, सगळे फाटे जागच्या जागी. पेशीच नसल्याने परकेपणाची खूणही बरीचशी जाते. मग त्या जाळीत रुग्णाच्या पेशी पेरायच्या.

२००८ मध्ये अमेरिकेत डोरिस टेलर आणि हाराल्ड ओट यांनी उंदराचं हृदय असं धुतलं आणि नवजात पिलांच्या पेशींनी पुन्हा भरलं. आठव्या दिवशी ते आकुंचन पावत होतं. ती चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्री झोप आली नव्हती. पण आकडाही सांगतो. त्याची ताकद प्रौढ उंदराच्या हृदयाच्या सुमारे २ टक्के होती. २०१३ मध्ये ओट यांच्याच चमूने उंदराची किडनी अशी पुन्हा वसवली आणि दुसऱ्या उंदराला जोडली. तिच्यातून मूत्र आलं, कच्च्या प्रतीचं.

अडतं ते पुन्हा वसवण्यात. प्रत्येक प्रकारच्या पेशीला तिच्या घरी पोहोचवायचं, रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर एकही जागा उघडी राहू द्यायची नाही. जिथे उघडी राहील तिथे रक्ताची गुठळी होते.

तिसरी किडनी

नाव असं का, ते आधी सांगतो. प्रत्यारोपणात जुन्या दोन किडन्या बहुधा काढत नाहीत, नवी ओटीपोटात खाली बसवतात. मला ती माझ्या आईने दिली, त्याला ११ वर्षं झाली.

इथे सगळे पेशी वाढवण्याबद्दल बोलताहेत, मी 'स्वतःच्या' या शब्दाबद्दल बोलतो. मी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घेतो, गजर लावून. त्या माझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, नाहीतर माझं शरीर आईची किडनीसुद्धा परकी म्हणून मारून टाकेल. त्यांनी माझे हात थरथरतात. साखर वाढली. साधा ताप आला तरी घरचे धावाधाव करतात. त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो म्हणून दरवर्षी तपासणी. आणि सगळ्यात मनाला लागणारी गोष्ट, जी गोळी किडनीला वाचवते तीच वर्षानुवर्षं घेतली की किडनीला इजाही करते.

पहिलं यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं. तेव्हा या गोळ्या नव्हत्याच. मग जमलं कसं? दाता आणि रुग्ण जुळे भाऊ होते, अगदी एकसारखे. शरीराला फरकच कळला नाही. तो रुग्ण पुढे ८ वर्षं जगला. आपल्या पेशींचा अवयव म्हणजे प्रत्येकाला असा जुळा भाऊ मिळणं. आईचा हात हातात घेतला की माझा हात थरथरतो, म्हणून मला या संशोधनाची इतकी आस आहे.

सांजवारा

तिसरी किडनी, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मी एक गोष्ट लिहिली नव्हती. भावाचा आजार पॉलिसिस्टिक किडनीचा आहे. बाबांनाही तोच होता. मी माझी किडनी द्यायला तयार होते. तपासणीला गेले, सोनोग्राफी झाली, आणि माझ्याही किडन्यांत गाठी निघाल्या. अजून काम नीट चालू आहे, पण मी दाता होऊ शकत नाही.

काल रात्री सगळे प्रतिसाद वाचताना एक विचार आला आणि मग झोप लागली नाही. त्याच्याच पेशींतून किडनी केली तर तीही तशीच निघेल ना? गाठी होणारी?

पेट्रीडिश

सांजवारा, हो. नुसत्या त्याच्या पेशी घेतल्या तर दोषही सोबत येईल. 'स्वतःच्या पेशी' ही गोष्ट जन्मजात आजारात पुरेशी नसते, आणि हे मथळ्यांत कधीच नसतं.

पण इथेच मला दे लुकांची गोष्ट सांगायची होती. जर्मनीत बोखुम इथे ७ वर्षांचा एक मुलगा होता. जन्मजात दोषामुळे त्याची कातडी नुसत्या स्पर्शाने फोड येऊन सुटायची. संसर्ग झाला आणि सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा गेली. डॉक्टरांनी उपशामक, म्हणजे फक्त वेदना कमी करण्याच्या, उपचारांची तयारी केली होती. त्याच्या शरीरावर शिल्लक असलेल्या चांगल्या कातडीचा ४ चौरस सेंटिमीटर तुकडा इटलीत दे लुकांकडे गेला. त्यांनी त्या पेशींत बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत घातली, दुरुस्त पेशी वाढवल्या आणि त्यांचे पापुद्रे परत पाठवले. २०१५ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने मुलाला जवळजवळ सगळी कातडी नवी मिळाली. २०१७ मध्ये अहवाल आला तेव्हा तो शाळेत जात होता आणि खेळताना खरचटलं तरी जखम इतर मुलांसारखी भरत होती.

पेशी त्याच्याच, दोष मात्र काढलेला. तुमच्या भावाला लागेल ते तत्त्व एका माणसात सिद्ध झालंय, कातडीपुरतं का होईना.

किडनीच्या पेशी आणायच्या कुठून, याचं उत्तर जपानच्या शिन्या यामानाका यांनी दिलं. २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात त्यांनी दाखवलं की त्वचेच्या पेशीत ४ जनुकं चालू केली की ती मागे, भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत जाते. मग तिला हवं ते वळण लावता येतं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या चमूने अशा पेशींपासून किडनीचे इवलेसे गोळे वाढवले. आम्ही त्यांना ऑर्गनॉइड म्हणतो. त्यांच्यात कोवळे नेफ्रॉन असतात. प्रगती पहिल्या तीन महिन्यांच्या गर्भाच्या किडनीएवढी. पण मोठ्या धमनीशी जोडणी नाही, आणि मूत्राला बाहेर जायला वाट नाही. नळी आहे, निचरा नाही.

मी रोज असे गोळे बघते. सूक्ष्मदर्शकाखाली वळणावळणाच्या नळ्या दिसतात आणि दर वेळी ऊर भरून येतो. तरीही तुमच्या भावाला हे 'किडनी' म्हणून विकणं मला पाप वाटेल.

रात्रपाळी

डायलिसिस युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे. ताई, एक धोक्याची सूचना, कारण आमच्या खाटांवरही या जाहिराती फिरतात. 'तुमच्याच मूळपेशी काढून टोचतो, किडनी परत चालू होईल.' भावाने अशी जाहिरात पाठवलीय का?

सांजवारा

पाठवलीय. दोन.

रात्रपाळी

नका जाऊ. २०१५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. तिघींची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर आलं. पेशी स्वतःच्या म्हणून निर्धोक, असं अजिबात नाही. खरी चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक असतो, नीतिसमितीची परवानगी असते, आणि प्रयोगात भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागत नाहीत.

जुना वाचक

रात्रपाळींनी विषय काढला म्हणून, मोठ्या संस्थेच्या भिंतीआडही काय होऊ शकतं तेही लिहितो. माझ्याच पेशाची गोष्ट आहे, त्यामुळे लिहिताना जड जातं.

पाओलो माक्कियारिनी हे शल्यचिकित्सक. २००८ मध्ये बार्सिलोनात एका तरुणीला मृत दात्याची श्वासनलिका धुऊन, तिच्याच पेशी पेरून बसवली. जगभर गाजावाजा. (तिचं डावं फुफ्फुस पुढे २०१६ मध्ये काढावं लागलं.) २०१० मध्ये ते स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात गेले. तिथे २०११ मध्ये प्लॅस्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूळपेशी सोडून ती श्वासनलिका म्हणून बसवली. प्राण्यांवर पुरेशी चाचणी झालेली नव्हती. प्लॅस्टिकवर जिवंत अस्तर धरलंच नाही. कारोलिन्स्कात ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली ते तिघेही नंतर दगावले. शोधनिबंधांत मात्र सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं. तिथल्याच चार डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी काढून तक्रार केली, तर सुरुवातीला संस्थेने त्यांनाच गप्प करायचा प्रयत्न केला. अखेर जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

उंदरापासून डुकरापर्यंत, डुकरापासून माणसापर्यंत हळू जाणाऱ्यांचा भावाला राग येत असेल. स्वाभाविक आहे. पण वर आलेल्या उंदराच्या किडनीवर ज्यांनी 'कच्च्या प्रतीचं मूत्र' असं प्रामाणिकपणे लिहिलं, त्यांच्याकडूनच त्याला कधीतरी काही मिळेल.

मोजपट्टी

अडचण मीच मांडली होती, म्हणून थोडं उलट बाजूनेही. जाळं तयार करायचे प्रयत्न जोरात आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत राइस विद्यापीठातल्या जॉर्डन मिलर यांच्या गटाने मऊ, पाणीदार जेलमध्ये एकमेकांत गुंतलेल्या नळ्या छापल्या. एकीतून हवा, भोवतीच्या जाळ्यातून रक्त, आणि रक्ताने प्राणवायू उचलला. त्याच वर्षी तेल अवीवमध्ये ताल द्विर यांच्या गटाने एका रुग्णाच्या पोटातल्या चरबीच्या पडद्यापासून सशाच्या हृदयाएवढं हृदय छापलं. पेशी आकुंचन पावत होत्या, पण एकत्र येऊन रक्त ढकलत नव्हत्या.

तिसरी किडनी

मग माणसाच्या शरीरात, स्वतःच्याच पेशी, अलीकडे, आणि खरोखर चाललंय असं काहीच नाही का?

पेट्रीडिश

आहे. चीनमध्ये तिआनजिनला एका २५ वर्षांच्या तरुणीला पहिल्या प्रकारचा मधुमेह होता. डंग होंगक्वे यांच्या गटाने तिच्याच पेशी मागे नेल्या, जनुकं न घालता, रसायनांनी. मग त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज केले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. ७५ व्या दिवसापासून तिला बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'सेल' या विज्ञान नियतकालिकात एका वर्षाचा अहवाल आला.

एक अडसर आहे. यकृताच्या आधीच्या प्रत्यारोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. या आजारात शरीर आपल्याच इन्सुलिनपेशींवर उलटतं, त्यामुळे औषधांशिवाय त्या टिकल्या असत्या का, याचं उत्तर या एका रुग्णातून मिळत नाही.

पण मोजपट्टींचा नियम लावून बघा, हे का जमलं ते कळेल. हे पुंज इतके छोटे असतात की प्राणवायू आतपर्यंत झिरपतो. त्यांना नळ नको, निचरा नको, ठरावीक आकारही नको. साखर ओळखायची आणि इन्सुलिन सोडायचं, पोटाच्या भिंतीत बसूनही होतं. म्हणून माझा स्वतःचा अंदाज असा की अख्खा अवयव येण्याआधी अवयवाचं एकेक काम परत येईल. इन्सुलिन पुढे, किडनी बरीच मागे.

रात्रपाळी

आणि मधल्या काळात डुकराची किडनी? आमच्याकडे रुग्ण हेच जास्त विचारतात.

जुना वाचक

तो रस्ता वेगळा, पण किडनीपुरता पुढे आहे हे खरं. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी जिवंत माणसाला बसवली. तो सुमारे दोन महिन्यांनी गेला, रुग्णालयाच्या म्हणण्यानुसार किडनीमुळे नव्हे. त्यानंतरच्या एका रुग्णात अशी किडनी आठ महिन्यांहून जास्त चालली. तिथे रक्तवाहिन्यांचा प्रश्न निसर्गानेच सोडवून दिलेला असतो, उरतो तो परकेपणाचा. म्हणजे तिसरी किडनी यांच्या गोळ्या सुटत नाहीत.

सांजवारा

आज त्याच्याजवळ बसून सगळा धागा वाचून दाखवला. चार तास पुरले नाहीत. मशीन बंद झाल्यावरही तो म्हणाला, राहिलेलं वाच.

व्हिडिओतली किडनी नुसता आकार होता हे कळल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझा नंबर कोणी डावलला नव्हता." त्याला इतके दिवस असं वाटत होतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्याचे दोन प्रश्न आहेत, त्याच्याच शब्दांत. एक, "माझ्या पेशी आत्ताच काढून गोठवून ठेवू का?" दोन, "माझ्या पेशींचा आज कोणाला काही उपयोग आहे का?"

पेट्रीडिश

पहिल्याचं उत्तर, गरज नाही. मागे नेण्याजोग्या पेशी रक्ताच्या नमुन्यातून किंवा त्वचेच्या तुकड्यातून कधीही मिळतात, उतारवयातही. गोठवून ठेवा म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. त्यापेक्षा प्रतीक्षायादीत नाव आहे ना, दर तपासणीच्या तारखा पाळल्या जाताहेत ना, एवढं बघा. आज त्याला बरी करू शकणारी किडनी दात्याचीच आहे.

दुसऱ्याचं उत्तर हो, आहे. २०१५ मध्ये बेंजामिन फ्रीडमन यांच्या चमूने पॉलिसिस्टिकचा दोष असलेल्या पेशींपासून ऑर्गनॉइड केले, आणि काचेच्या थाळीत त्यांच्या नळ्या फुगून गाठी झाल्या. तोच आजार, शरीराबाहेर, डोळ्यांसमोर. आता त्या थाळीत औषधं टाकून बघता येतात, कशाने गाठी वाढायच्या थांबतात ते. त्यासाठी रुग्णांच्या पेशी लागतात. आणि सांजवारा, अशा औषधाचा उपयोग त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे, कारण तुमच्या किडन्या अजून चालताहेत. गाठींची वाढ मंदावणारं टोलव्हॅप्टन हे एक औषध आजही आहे. ते सगळ्यांना चालत नाही, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. तुम्ही किडनीतज्ज्ञांना भेटलात का, हे मला आधीच विचारायला हवं होतं.

सांजवारा

नाही भेटले. त्याच्या धावपळीत माझं राहून गेलं.

हे वाचून त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्याच नावाने भेटीची वेळ घेतली. गुरुवारची. तो सोबत येणार आहे, त्या दिवशी त्याला डायलिसिस नाही. पेशी द्यायच्या असतील तर कोणाला विचारायचं, तेही तिथेच विचारेन म्हणतोय.

तिसरी किडनी

गुरुवारी काय झालं ते इथे नक्की कळवा. आईही विचारतेय.